शाफ्ट गार होईपर्यंत

लंडनमधल्या ईलिंगला गणपतीच्या आरतीनंतर जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की कुणाशी तरी नवीन ओळख होते, आणि दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही कशात? फायनान्स की आयटी?"

"लोखंडात," मी म्हणते.

समोरचा माणूस हसतो. त्याला वाटतं मी विनोद केला. मग सांगावं लागतं की बेसिंगस्टोकच्या एका वर्कशॉपमध्ये मी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचे प्रोग्रॅम लिहिते. "म्हणजे शेवटी आयटीच की!" असं म्हणून तो निर्धास्त होतो आणि ताट पुढे करतो.

शेवटी आयटी नाही, हे त्या रांगेत पटवून देणं मी केव्हाच सोडलं. दिवाळी अंकात जागा मिळाली आहे, तर इथे सांगते.

लेथवर धातूचा दांडा गरगर फिरतो आणि एक कठीण टिप त्याला सोलत जाते. टिप कुठून कुठे जाणार, किती खोल, किती वेगाने, हे मी लिहिते आणि मशीन ते मुकाट्याने करतं. पण पोलादाने माझा प्रोग्रॅम वाचलेला नसतो. ते तापतं, फुगतं, टिपेच्या जोराने मागे वाकतं, थरथरतं. वेगाने कापलं की उष्णता वाढते, टिप झिजते आणि माप हातातून निसटतं. मग हळू कापावं, असं कुणालाही वाटेल. हळू म्हणजे अचूक, हा बाहेरच्या लोकांचा समज. स्टेनलेस स्टीलवर भीतभीत, हळूहळू टिप फिरवली तर ती कापतच नाही, नुसती घासते. घासलेला पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढची टिप खातो. एकूण काय, घाई चालत नाही आणि भित्रेपणाही चालत नाही.

मी शिकले पुण्यात, टूल अँड डायचा, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवण्याचा, डिप्लोमा. भोसरीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. तिथे सायकल टाइम हा देव. एक नग बनायला लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम. त्यातून दोन सेकंद वाचवले की सुपरवायझर पाठ थोपटायचा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन मागायचा. त्या कारखान्याने मला वेगवान केलं. पुढे समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं, त्याच्या व्हिसावर मी आले, आणि हेलनच्या वर्कशॉपमध्ये चिकटले ती आजतागायत.

हेलन मालकीण. वडिलांनी काढलेलं वर्कशॉप तिने वाढवलं. स्वतः इंजिनिअर, आवाज खणखणीत. ती ऑफिसात हसली की मशीनच्या आवाजातही आम्हाला कळतं. आणि लेथवर इयन. स्कॉटलंडचा, अखंड बोलणारा, स्वतःच्या हाताचा प्रचंड अभिमान असलेला. मी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलते, तो अजूनही 'थाऊ'मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. "तुझे मायक्रॉन म्हणजे चिल्लर," तो म्हणतो. मी म्हणते, "चिल्लर मोजता येत नाही त्याने दुकान काढू नये." असं आमचं रोज चालतं. तो मला घाईची म्हणतो, मी त्याला गोगलगाय. तरी माझा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी चालवला तर मला चैन पडत नाही, आणि माझ्याखेरीज कुणाचा प्रोग्रॅम आला तर तो दिवसभर कुरकुरतो.

आमच्याकडे गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. रोजचं काम म्हणजे कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्हचे भाग. पण अधूनमधून दारातून कुणीतरी काहीतरी हातात घेऊन येतं. एक बाई आजोबांच्या छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या धातूच्या कोंबड्याचा पितळी कणा घेऊन आल्या होत्या. त्यांना नवा कणा हवा होता, पण कोंबडा 'पूर्वीसारखाच थोडा अडखळत' फिरायला हवा होता. आम्ही तोही बनवला. मुद्दाम चुकीचं माप अचूकपणे कापायला इयनला किती त्रास झाला ते मीच पाहिलं आहे.

पण आज सांगायचं आहे ते रॉबचं काम.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते; त्याच्या आधीचा गुरुवार. दुपारी एक उंच, वाऱ्याने चेहरा रापलेला माणूस टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून आत आला आणि त्याने ते हेलनच्या टेबलावर उघडलं. मनगटाइतका जाड स्टीलचा शाफ्ट, दोन तुकडे झालेला.

हा रॉब, दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातल्या लाइफबोटीचा मेकॅनिक. समुद्रात अडकलेल्यांना सोडवायला जाणारी ही बोट गावकरीच चालवतात. कुणी प्लंबर, कुणी शिक्षिका, पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. गावाला बंदर नाही, नुसता गोट्यांचा उतरता किनारा. बोट एका गाड्यावर ठेवलेली असते. जुना ट्रॅक्टर तो गाडा पाण्यात ढकलतो, आणि परत आलेल्या बोटीला ट्रॅक्टरवरची विंच, म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट, वर ओढून घेते. त्या विंचचा मुख्य शाफ्ट सरावाच्या वेळी तुटला होता. बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला होता.

"म्हणजे आत्ता बोट बंद?" हेलनने विचारलं.

"बोट ठणठणीत आहे," रॉब म्हणाला. "पाण्यात घालूही शकतो. पण लाटांमधून परत वर काढता आली नाही तर माझी माणसं आणि त्यांनी वाचवलेली माणसं पाण्यातच लटकणार. त्यामुळे हो, बंद. शेजारची बोट आमच्याकडचं बघतेय, पण तिला यायला वेळ लागतो. शनिवारपासून ऊन सांगितलंय आणि सुट्टी आहे. अर्धा हॅम्पशर जिल्हा आमच्या किनाऱ्यावर येणार."

लेथवर तेव्हा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा लॉट चालू होता आणि तो उद्या जायचा होता. मी हेलनकडे पाहिलं. तिने फोन उचलला, त्या गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं की तुमचा माल मंगळवारी येईल, कारण असं असं आहे. पलीकडून काहीतरी जोरात बोलणं झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "मशीन रिकामं करा."

तिच्याबद्दल मला जो आदर वाटतो त्याची सुरुवात बहुधा त्या फोनपासून झाली.

त्या शाफ्टवर दोन जागा महत्त्वाच्या होत्या, जिथे बेअरिंगं बसतात. बेअरिंग तिथे घट्ट बसायला हवं. जरा सैल झालं तर शाफ्टवरच फिरायला लागतं, शाफ्ट खातं, आणि एक दिवस ओझ्याखाली सगळं सुटतं. मापात चूक चालणार होती ती फार तर दहा मायक्रॉनची. माणसाच्या केसाचे उभे सात-आठ पापुद्रे काढता आले, तर त्यातला एक म्हणजे साधारण तेवढं.

चांगल्या प्रतीचा स्टेनलेसचा बार आमच्याकडे होता, जेमतेम दोन शाफ्ट निघतील एवढा. जुने तुकडे जुळवून मी मापं घेतली, प्रोग्रॅम लिहिला, आणि संध्याकाळच्या आत इयनने पहिला शाफ्ट कापला. रॉब मशीनच्या काचेला नाक लावूनच उभा होता. दार उघडलं, इयनने मायक्रोमीटर लावला. माप चालणाऱ्या मर्यादेच्या बरोबर मध्यावर!

रॉबने टाळी वाजवली आणि टॉवेल पुढे केला. "द्या इकडे. आज बसवून टाकतो."

"हात लावू नकोस," इयन म्हणाला. "तो गरम आहे. गार होईपर्यंत तो शाफ्ट नाही, नुसती अफवा आहे."

आम्ही चहा प्यायलो. रॉबचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. शाफ्ट हाताला गार लागू लागला तेव्हा इयनने पुन्हा मोजलं. एकदा, दोनदा. मग मायक्रोमीटर पुसला आणि पुन्हा. घाईघाईत एका दमात कापल्यामुळे धातू आतपर्यंत तापला होता, फुगला होता, आणि गार होताना आकसून मापाच्या खाली गेला होता. फरक किती? डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही, इतका.

"सुट्टीपुरतं चालेल," रॉब म्हणाला. आवाजात विनवणी होती. "तीन दिवस. मग तुम्ही निवांत दुसरा करा."

तो चूक बोलत होता असं मला आजही म्हणवत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर किनारा होता. मी स्वतः मनात म्हणत होते, तीन दिवस तर निघतील.

इयनने शाफ्ट उचलला, ग्राइंडरपाशी गेला आणि बेअरिंगच्या जागेवर आडवी खोल खाच पाडली. आता तो कुणालाच वापरता आला नसता. स्वतः कापलेला, स्वतःच्या तोंडाने 'बरोबर' म्हटलेला शाफ्ट. परत आला आणि म्हणाला, "माझं काम होतं. वाईट होतं."

रॉब भडकला. "तुला कळतंय का, रविवारी कुणी बुडालं तर..."

हेलन मध्ये आली. "रॉब, बोट अर्ध्या किनाऱ्यावर, दोर ताणलेला, खाली तुझी माणसं, आणि त्या क्षणी बेअरिंग सुटलं, असं झालं तर? त्यापेक्षा आज माझ्यावर ओरड. मला चालेल." आणि तिने त्याला हाताला धरून ऑफिसात नेलं. थोड्या वेळाने तो निमूटपणे गाडीत बसून गेला. उद्या परत येतो म्हणाला.

आता बार उरला होता एकाच शाफ्टपुरता.

इयन म्हणाला, "उद्या मी सगळं हळू करणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दिवस लागला तरी लागू दे."

"हळू केलंस तर घासशील," मी म्हटलं. "हे स्टेनलेस आहे. कडक होईल, टिप जाईल, आणि मग काय कापणार? आपल्याकडे दुसरा तुकडा नाही."

"मग काय, पुन्हा तुझी भोसरी एक्सप्रेस?"

मला राग आला. घरी गेले. समीरने पिठलं-भात केला होता. माझी मुलगी सायली इथेच वाढलेली. तिचं मराठी व्याकरणाच्या बाबतीत उदार आहे. तिला सगळं सांगितलं, तर तिने घास थांबवून विचारलं, "पण आई, तुझा मशीनला घाई कुठे आहे? घाई तर त्या रॉबला आहे ना?"

"समीर, बघ, पोरगी तुझ्यापेक्षा बरी कन्सल्टंट आहे," मी म्हटलं. पण ते वाक्य डोक्यात बसलं. मी रात्रभर वगैरे जागले नाही, झोपले. सकाळी गाडी चालवताना मात्र कामाचा क्रम आपोआप लागत गेला. आम्ही दोघंही शाफ्टला एकच वेग शोधत होतो, हीच गडबड होती. शाफ्टचा नव्वद टक्के भाग असा होता की तिथे माप थोडं इकडेतिकडे चालणार होतं. तिथे जोरात जायचं. वेळ तिथे कमवायचा, आणि कमवलेला वेळ खर्च करायचा तो गार होण्यावर.

सकाळी इयनला कागदावर काढून दाखवलं. पहिल्यांदा भरभर, दमदार कट. बेअरिंगच्या जागांवर पातळ साल शिल्लक. मग चावीची, म्हणजे शाफ्टला चाकाशी जखडणाऱ्या धातूच्या पट्टीची, खाच, कारण ती कापताना दांड्यातला ताण सुटतो आणि तो किंचित वाकतो; जे वाकायचं ते आधीच वाकू दे. मग थांबायचं. कापायचं काहीच नाही. दांडा संथ फिरत ठेवायचा, वरून कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पाण्याची, धार. गार झाला की नवी टिप लावून दोन शेवटचे कट, दोन्ही अगदी सारख्या खोलीचे. पहिल्या कटनंतर मोजलं की दुसरा कुठे उतरणार ते कळतं.

इयनने कागद बराच वेळ पाहिला. "तू? तू मशीन रिकामं फिरवायचं म्हणतेस?"

"हो. मी."

"हे मी मरेपर्यंत लोकांना सांगणार," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

अजून एक गोष्ट होती. जुना शाफ्ट तुटला होता चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून. कोपरा काटकोनी, धारदार. ओझं येऊन येऊन चीर तिथेच पडली होती. मी तो कोपरा किंचित गोल करायचं ठरवलं. त्यासाठी खाचेत बसणाऱ्या चावीच्याही कडा मोडाव्या लागणार होत्या. दांडा गार होत असताना इयन कानशीने त्या कडा घासत बसला. काय तो हात! प्रत्येक फेर सारखा, दाब सारखा, आणि तोंडाने फुटबॉलवर भाषण चालू.

रॉब दुपारच्या आधीच आला. मशीन फिरतंय पण कापत नाहीये, हे पाहून त्याचा चेहरा पडला.

"बंद पडलं?"

"गार होतंय," मी म्हटलं.

तो खुर्ची ओढून बसला. मला वाटतं, वाट बघणं हे त्याचंही काम होतंच.

शेवटचा कट मी काचेपाशी उभी राहून पाहिला. टिपेचा आवाज एकसारखा, रेशमाचं कापड फाडल्यासारखा. इयनने मोजलं आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. असं तो कधी करत नाही. मी मोजलं. मग आम्ही चहा प्यायलो, आणि पुन्हा मोजलं. आकडा जागचा हलला नव्हता.

"मंज," इयन म्हणाला. माझ्या नावातलं त्याला एवढंच जमतं. "तुझ्या चिल्लरीत किती?"

"तीन मायक्रॉन. मध्यापासून."

"म्हणजे शून्य," तो म्हणाला, आणि शाफ्ट रॉबच्या टॉवेलमध्ये ठेवला. रॉबने आधी इयनचा हात हातात घेतला, मग माझा. कालच्या ओरडण्याबद्दल तो काहीतरी पुटपुटला. इयन म्हणाला, "मीही ओरडलो असतो. तू जरा कमीच ओरडलास."

शनिवारी सकाळी रॉबचा फोन आला. शाफ्ट बसला, चाचणी झाली, बोट पुन्हा कामावर आहे, या बघायला. इयनला गर्दीचा तिटकारा, हेलनला मंगळवारच्या लॉटची काळजी. समीर, सायली आणि मी मात्र रविवारी डबे घेऊन गेलो. ऊन खरंच कडक होतं आणि किनाऱ्यावर चटई पसरायला जागा नव्हती. रॉबने आम्हाला बोटहाउसमध्ये नेलं, ट्रॅक्टर दाखवला. शाफ्ट अर्थातच दिसत नव्हता. तो झाकणाखाली, ग्रीसमध्ये. सायलीने विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." जन्मभर मी बनवलेल्या वस्तूंचं हेच झालं आहे. कुठेतरी झाकणाखाली जातात, पुढे त्यांचं काय झालं ते मला कळत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

आम्ही डबे उघडत होतो तेव्हा पेजर वाजले.

मग जे झालं ते इतक्या वेगाने झालं की सायकल टाइमची सगळी आयुष्यभरची शिकवण मला थिटी वाटली. आइस्क्रीमच्या व्हॅनमधून एक मुलगी धावत आली, पाठोपाठ ओल्या अंगाचा एक टकल्या गृहस्थ आणि आणखी दोघं. कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येकाला आपली पुढची हालचाल माहीत होती. एकीने दुसऱ्याच्या लाइफजॅकेटचा पट्टा घाईत ओढला, मग थांबून, दोन बोटं आत घालून तो नीट बसलाय का ते पाहिलं, आणि मगच त्याला पुढे ढकललं. रॉबने ट्रॅक्टर पाण्यात घातला आणि बोट गेली.

बराच वेळ नुसता समुद्र दिसत होता. समीर पाण्याकडे तोंड करून उभा होता, सायलीने माझा हात धरला होता.

बोट परत आली तेव्हा वारा वाढला होता आणि लाटा किनाऱ्यावर आदळत होत्या. दोर अडकवला गेला. रॉबने लिव्हर ओढला. विंच फिरायला लागली, दोर ताणला गेला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि ती एवढी जड बोट माणसांसकट गोट्यांवरून वर यायला लागली. मी कान लावून ऐकत होते. एक खरखर नाही, एक हिसका नाही. एकसारखा, जाड, शांत आवाज. रॉबने ट्रॅक्टरवरून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दोराकडे वळला.

बोटीतून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला एक माणूस उतरला. पन्नाशीचा असेल. पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, असताना वाऱ्याने समुद्रात आत ओढला गेला होता. ओठ निळे पडलेले. त्याची बायको गर्दीतून वाट काढत आली आणि त्याला मिठी मारण्याआधी तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. बोटहाउसमध्ये कुणीतरी माझ्या हातात चहाचा मग कोंबला आणि म्हणालं, "त्याला द्या."

मी दिला. त्याचे हात इतके थरथरत होते की मी चहाचा मग सोडलाच नाही. त्याच्या बोटांवरून माझी बोटं धरून ठेवली. तो दोन घोट प्यायला आणि मग समोर ओळीने उभ्या असलेल्या एकेकाला थँक यू म्हणत गेला. आइस्क्रीमवाली मुलगी, टकल्या गृहस्थ, रॉब. शेवटी माझ्याकडे वळला. मीही त्यांच्यातलीच, असं त्याला वाटलं असावं.

"थँक यू," तो म्हणाला. "तुम्ही सगळे आलात."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. विंचमधल्या शाफ्टचं मी सांगेन असं तिला वाटलं. मी त्याची थरथर थांबेपर्यंत चहाचा मग धरून उभी राहिले.